परक्या शहरात पाठ टेकायला जागा

आमचं गाव कासुर्डी. तालुका दौंड, जिल्हा पुणे. पुणे-सोलापूर रस्ता गावाजवळून जातो. यवतचं रेल्वे स्टेशन आम्हांला जवळ. गावात पाहुणा आला, तर त्याला रात्री कुठं झोपवायचं हा प्रश्न आम्हांला पडत नाही. ओसरी आहे, पडवी आहे, उन्हाळ्यात अंगण आहे. अनोळखी वाटसरू आला तरी देवळात त्याची पथारी पडते. निजायची जागा विकत घ्यावी लागते, ही गोष्ट मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. ती मुंबईनं शिकवली.

त्याचं असं झालं. माझ्या काकीच्या गालाला आतल्या बाजूनं एक पांढरा चट्टा आला. काकीला लहानपणापासून मिश्रीची सवय. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. आमच्याकडं ती दात घासायला म्हणून सुरू होते. मग ती दिवसातून चार वेळा लागते. चट्ट्याची जखम झाली. ती भरेना. भाकरीला तिखट लावलं की काकीच्या डोळ्यांत पाणी यायचं. सहा महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. मग पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं, "कॅन्सर आहे. पण लवकर आलात. बरा होईल."

उपचार पुण्यातही होतात. पण आमच्या भावकीतला एक माणूस मुंबईच्या टाटातून बरा होऊन आला होता. त्यामुळं घरात सगळ्यांनी एकच धोशा लावला, टाटाला न्या. काकीबरोबर कोण जाणार? काकीचा थोरला मुलगा आणि मी. त्याला दोन यत्ता येत होत्या, पण त्या तो विसरला होता. मी रात्रीच्या वर्गात जाऊन नुकताच वाचायला शिकलो होतो. म्हणजे साधं अक्षर आलं की वाचायचो आणि जोडाक्षर आलं की अडायचो. तेवढ्या जोरावर घरच्यांनी मला शहाणा ठरवलं!

टाटा म्हणजे परळचं टाटा स्मारक रुग्णालय. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीनं ते बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडं आहे. अणुऊर्जेचा आणि दवाखान्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. कॅन्सरवर एक उपचार किरणांचा असतो. ते किरण देणं हे अणुविद्येचंच काम. आपले लोक त्याला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट देतात' म्हणतात. पण अंगाला ऊब लागत नाही आणि दिसत तर काहीच नाही.

आता मुद्दा नीट ध्यानात घ्या. मुक्कामाची सगळी अडचण या शेकापाशी आहे. तोंडाच्या कॅन्सरला शेक साधारण सहा आठवडे चालतो. आठवड्यातून पाच दिवस. रोजचं काम थोड्याच मिनिटांचं. त्यासाठी रुग्णालयाची खाट लागत नाही. खाटा ऑपरेशनवाल्यांना लागतात. मग रुग्णानं रोज यायचं, शेक घ्यायचा आणि जायचं. पण जायचं कुठं? कासुर्डीहून रोज मुंबईला ये-जा होणार आहे का? शिवाय शेकाच्या आधी तपासण्या असतात. रक्त आज, फोटो परवा, डॉक्टरांची भेट पुढच्या सोमवारी. असे दिवस जातात. आणि तिथं येणारे आपल्यासारखे पुणे जिल्ह्यातले थोडे. बिहार, बंगाल, आसाम, उत्तर प्रदेश, कुठून कुठून माणसं येतात. दोन-दोन रात्री गाडीत बसून येतात.

पहिली रात्र

आम्ही संध्याकाळी दादरला उतरलो. नाव नोंदवायला सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी निघालो होतो. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं न टाकलं, तोच एकानं आमच्या हातातली पिशवी धरली. "रूम पाहिजे? पेशंट आहे ना? सस्ता देतो." आमच्याकडं पाहूनच त्याला सगळं कळलं होतं. काकीच्या तोंडाला पदर लावलेला, माझ्या काखेत वळकटी. आम्ही त्याच्या मागं गेलो.

लॉज तिसऱ्या मजल्यावर होता. खाली कापडाचं दुकान. जिना इतका अरुंद की वळकटी उभी धरावी लागली. वर एक टेबल, टेबलावर मोठी नोंदवही. त्यात नाव, गाव, वय, कशासाठी आलात, किती माणसं, असं सगळं लिहायचं. आधार कार्डाची नक्कल द्यायची. मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा परगावी केलेली सही ती. मला तिचा फार अभिमान वाटला. त्या अभिमानातच बाकीचं वाचायचं राहिलं.

एका दिवसाचे आठशे रुपये आणि दोनशे रुपये अनामत. अनामत म्हणजे जागा सोडताना परत मिळायचे पैसे. खोलीला खिडकी नव्हती. भिंती फळ्यांच्या. शेजारचा खोकला की वाटायचं आपल्याच उशाशी खोकला. काकी खाटेवर झोपली. आम्ही दोघं खाली आडवे झालो, तर दार उघडेना. रात्री काकीला मोरीवर जायचं झालं, तेव्हा आम्ही दोघं उठलो, वळकटी उचलली, मग दार उघडलं. असं तीनदा. काकी म्हणाली, "आरं, ह्याच्यापरीस कोंबड्यांचं खुराडं ऐसपैस असतं."

पहाटे पाचला उठून आम्ही रुग्णालयात गेलो. बोचकी खोलीतच ठेवली. नाव नोंदवून, फाईल करून परत यायला दुपारचे दोन वाजले. लॉजचा माणूस म्हणाला, "दुसरा दिवस लागला. अजून आठशे."

मी म्हणालो, "आम्ही काल संध्याकाळी आलो. चोवीस तास कुठं झाले?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. त्याच्या डोक्यावर पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'खोली सोडण्याची वेळ सकाळी १० वाजता.' मोठ्या अक्षरांत, मराठीत. एकही अवघड जोडाक्षर त्यात नव्हतं. आदल्या रात्री मी त्याच पाटीखाली उभा राहून सही केली होती.

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा? त्यानं फसवलं म्हणता येईना. खूप विनवल्यावर त्यानं अनामत ठेवून घेतली आणि वरचे सहाशे सोडले. पावती मागितली तर हसला.

रस्त्यावर

दोन रात्री आम्ही फुटपाथवर काढल्या. सांगायला लाज वाटत होती, म्हणून घरी फोनवर "सोय झाली" असंच सांगितलं. पण आता सांगतो. कारण तिथं आम्ही एकटे नव्हतो. परळच्या त्या रस्त्यांवर रुग्ण आणि त्यांची माणसं ओळीनं बसलेली असतात. निळ्या प्लॅस्टिकचा कागद वर बांधलेला. खाली चटई. उशाला तपासणीचे कागद, पिशवीत घालून. कागद हरवला तर सगळं पुन्हा, म्हणून माणसं पैशापेक्षा कागद जपतात. संध्याकाळी कुणी दानशूर गाडी घेऊन येतात, खिचडी देतात, केळी देतात. पहाटे झाडलोट सुरू झाली की सगळ्यांनी पथारी उचलायची.

आमच्या शेजारी बंगालकडची एक बाई होती. तिच्याबरोबर तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. डोक्यावर एक केस नाही. तिला मराठी येईना, काकीला बंगाली येईना. हिंदी दोघींनाही नीट येईना. पण दुसऱ्या दिवशी दोघी एका चुलीवर भात शिजवत होत्या. काकीला गिळायला त्रास होतो हे त्या बाईनं ओळखलं. भाताची पेज करून तिनं वाटीत ओतली आणि वाटी फुंकून गार करून दिली. मी नुसता बघत बसलो.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. जूनचा पहिला पाऊस. प्लॅस्टिक फाटलं. काकीला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि आम्ही भिजत उभे राहिलो. ती म्हणाली, "आपल्या गोठ्यातली म्हस बी आज कोरड्यात आसंल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला घरी नेता का? मरायचं तर हितं कशाला?"

त्याला उत्तर नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बरी होईल. पण बरं व्हायला सहा आठवडे लागणार होते आणि आमची दोन रात्रींत दाणादाण उडाली होती. रोग बरा होण्यासारखा असतो, औषध असतं, डॉक्टर असतात. तरी माणसं अर्ध्यातून घरी परततात, ती निजायला जागा नाही म्हणून. हे मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं.

एक पाटी

सकाळी रुग्णालयात आलो. काकी बाकावर बसली. मी भिंतीवरच्या पाट्या वाचत हिंडू लागलो. लॉजच्या पाटीनं मला एवढं शिकवलं होतं, की पाटी सोडायची नाही. कळो ना कळो, वाचायची. एका पाटीवर तीन लांब शब्द होते. मी बोट ठेवून वाचू लागलो. वै-द्य-की-य. वैद्यकीय. स-मा-ज-से-वा. समाजसेवा. वि-भा-ग. विभाग.

तुम्हीही एकदा मोठ्यानं वाचा: वैद्यकीय समाजसेवा विभाग. यात 'द्य' हे एकच जोडाक्षर आहे. द आणि य मिळून द्य. विद्या, उद्या, वाद्य, वैद्य, सगळ्यांत तेच. मोठ्या दवाखान्यांत बहुधा हा विभाग असतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांतही असतो. तिथं औषध मिळत नाही. तिथं बसलेल्या माणसांचं काम एवढंच, की रुग्णाच्या पैशाची, मुक्कामाची, प्रवासाची अडचण ऐकायची आणि वाट दाखवायची.

आत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "रात्री कुठं झोपता?" मी गप्प राहिलो. काकीच्या लुगड्याचा काठ अजून ओला होता. त्यांना काय कळायचं ते कळलं.

त्यांनी फाईल पाहिली. रेशनकार्ड पाहिलं. केशरी होतं. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज कुठं द्यायचा ते सांगितलं. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सरच्या रुग्णाला आणि बरोबरच्या एका माणसाला सवलत मिळते, तिचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी घ्यायला सांगितला. मग त्यांनी मुक्कामाच्या जागांची यादी काढली. मला वाटलं होतं एखादं नाव असेल. पण यादी बरीच मोठी होती. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. रुग्णालयाचं स्वतःचं घर वांद्र्याला आहे, डॉक्टर बोर्जेस यांच्या नावाचं. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड नावाची संस्था आहे. तिचं काम २००६ साली मुंबईत सुरू झालं. तिथं कॅन्सर झालेलं मूल आणि त्याचे आईबाप यांना फुकट राहता येतं.

मी बाईंना बंगालच्या त्या मुलाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईला इकडं पाठवा. आजच पाठवा." मी धावत जाऊन तिला घेऊन आलो. काय सांगायचं ते मला हिंदीत जमेना. शेवटी हाताला धरून आणलं.

जागा लगेच मिळाली असं मात्र नाही. चिठ्ठी घेऊन एका धर्मशाळेत गेलो तर ती भरलेली. दुसरीत नाव लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला. म्हणून सांगतो, कुणाला असं जायची वेळ आलीच, तर आधी लॉज शोधू नका, आधी ही पाटी शोधा. आणि बाहेर कुणी "ओळखीनं धर्मशाळेत जागा देतो, हजार रुपये द्या" म्हणाला, तर त्याच्याकडं पाठ करा. चिठ्ठीला पैसे पडत नाहीत.

धर्मशाळेतले दिवस

धर्मशाळेचा हॉल लांबलचक होता. दोन्ही बाजूंना खाटा. एका खाटेएवढी जागा रुग्णाची, तिच्याखालची जमीन बरोबरच्या माणसाची. रुग्णाबरोबर एकच माणूस, असा नियम. म्हणून मी राहिलो आणि काकीच्या मुलाला दुसरीकडं जावं लागलं. त्याचं पुढं सांगतो.

नियम भिंतीवर लिहिले होते. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. रात्री १० ला दार बंद. आपली जागा आपण झाडायची. स्वयंपाकघरात पाळीनं यायचं. आठवड्यानं पावती नवी करायची, उपचार चालू असल्याचा कागद दाखवायचा. आणि एक नियम असा: 'तंबाखू, विडी, गुटखा, मिश्री यांस सक्त मनाई आहे.'

मी तो मोठ्यानं वाचला. काकी काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं कनवटीची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. एवढ्या आजारात, एवढ्या तपासण्यांत, ती डबी तिच्याजवळ होती! डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "कवाच सोडली" म्हणाली होती. मी डबी मोरीत रिकामी केली. पुढचे चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. डोकं दुखतं म्हणायची, चिडायची. शेजारच्या खाटेवरची साताऱ्याकडची म्हातारी तिला म्हणाली, "माझं बी आसंच झालं व्हतं. आठ दिस दम धर." तिनं आपल्याजवळची बडीशेप काकीला दिली.

दाराशी एक फोटो होता. अंगावर ठिगळांचं कापड, हातात खराटा. काकीनं लांबूनच ओळखलं. "गाडगेबाबा!" तिच्या माहेरी त्यांचं कीर्तन झालं होतं, असं तिची आई सांगायची.

गाडगे महाराजांची हकीकत पुष्कळांना खराट्यापुरतीच माहीत असते. त्यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. नाव डेबूजी. परिटाच्या घरचे. शाळा त्यांना मिळाली नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९०५ साली ते घर सोडून निघाले आणि गावोगाव झाडलोट करीत, कीर्तन करीत हिंडले. ते स्वतः कुठंही निजायचे. कुणाच्या ओसरीवर, झाडाखाली, धुळीत. पण लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी दुसऱ्यांसाठी घरं बांधली. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात त्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या वारकऱ्यांना कुणी थारा देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, आणि पुढं ती डॉक्टर आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जागा केली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. त्यांच्या बायकामुलांसाठी त्यांनी धर्मशाळेतली एक खोलीसुद्धा ठेवली नाही.

वाटसरूला आसरा देण्याची रीत आपल्याकडं फार जुनी. सम्राट अशोकानं बावीसशे वर्षांपूर्वी रस्त्याकडंला वड लावले, विहिरी खणल्या, विसाव्याच्या जागा बांधल्या. तसं त्यानं दगडी खांबावर कोरून ठेवलं आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू भारत पाहायला आला. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा इथं चालुक्य राजा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेकडच्या प्रवासात त्यानं 'पुण्यशाळा' लिहून ठेवल्या आहेत. गरिबाला आणि आजाऱ्याला तिथं अन्न, वस्त्र आणि औषध मिळे. अहिल्याबाई होळकरांचं नाव तर सगळ्यांना ठाऊक. त्यांनी काशी-गयेपर्यंत धर्मशाळा आणि घाट बांधले. पण त्या जागा बहुतेक यात्रेकरूंच्या वाटेवर होत्या. आता आपली मोठी यात्रा दवाखान्याची.

थोरल्याची खोली

आता काकीच्या मुलाचं. धर्मशाळेत भेटलेल्या एका माणसाच्या ओळखीनं तो लालबागच्या एका चाळीत गेला. तिथं गावकीची खोली होती. गावकीची खोली म्हणजे एका गावातल्या लोकांनी मिळून घेतलेली खोली. गिरण्यांच्या काळात अशा खोल्या गल्लोगल्ली होत्या. कोकणातली, साताऱ्याची, आपल्या घाटावरची माणसं गिरणीत कामाला यायची. बायकामुलं गावी. एका दहा-बारा फुटांच्या गाळ्यात वीस-पंचवीस गडी राहायचे. गिरणी पाळ्यांत चालायची, म्हणून ते जमायचं. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. प्रत्येकाला एक पेटी आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बहुतेक बाया गरीब कामकरी घरच्या. त्यांना कर्ज मिळावं, चार पैसे गाठीला राहावेत, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. पुष्कळ गिरण्या नंतर उठल्याच नाहीत. गाळे ओस पडले, काही विकले गेले. तरी काही खोल्या आहेत.

थोरला ज्या खोलीत गेला ती खोली आमच्या गावची नाही, तालुक्याचीही नाही. त्यांना त्याला ठेवायचं कारण नव्हतं. पण "पेशंटबरोबर आलाय" एवढं ऐकून त्यांनी जागा दिली. पहिले तीन दिवस पाहुणा, चौथ्या दिवसापासून महिन्याच्या हिशोबात वाटा, असा त्यांचा रिवाज. खोलीत अकरा माणसं होती. कुणी माथाडी, कुणी टॅक्सीवाला, दोघं मोठमोठ्या इमारतींचे पहारेकरी. त्या इमारती जुन्या गिरण्यांच्या जागेवर उभ्या आहेत. त्यांतल्या एकाचा बाप तिथंच गिरणीत साचे चालवायचा. पोरगा आता त्याच फाटकावर बसतो.

थोरला काही दिवसांनी दुपारची हमाली करू लागला. काकीच्या फळांचे आणि दुधाचे पैसे त्यानं त्यातून काढले. मला वाटतं, मुंबईत आमच्यापैकी सगळ्यांत चांगला तोच राहिला. धर्मशाळेत उपकार होते, लॉजमध्ये पैसे होते, त्या खोलीत हिशोबाच्या वहीवर त्याचं नाव होतं.

गावी आल्यावर मी हे सगळं रात्रीच्या वर्गात सांगितलं. गुरुजींनी त्यावर चीनमधली हकीकत सांगितली. बीजिंग ही चीनची राजधानी. तिथल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत साऱ्या देशातून खेड्यांतली माणसं येतात. त्यांचंही आपल्यासारखंच. उपचार महिना-दोन महिने चालतात, खाट मिळत नाही. मग रुग्णालयाच्या आसपासचे लोक आपल्या घरात लहान लहान खोल्या पाडतात आणि रुग्णांना दिवसावर भाड्यानं देतात. स्वयंपाकाची चूल सगळ्यांत मिळून. त्या जागांना तिकडं 'कॅन्सर हॉटेल' असंच नाव पडलं आहे. कामाला आलेले मजूर तर इमारतींच्या तळघरांत राहत. लढाईत बॉम्ब पडले तर लपायला म्हणून ती तळघरं बांधली होती. ती खोल्या पाडून भाड्यानं दिली गेली. तिथं दिवसा दिवा लावावा लागे. हे ऐकल्यावर वर्गातला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी तिकडंबी काकीच!"

सहा आठवडे

शेक चालू असताना काकीचं तोंड आलं. चव गेली. पाणीसुद्धा झोंबायचं. धर्मशाळेतल्या बायांनी तिला काय काय करून घातलं, त्याला गणती नाही. नाचणीची आंबील, मुगाचं पातळ वरण, साखरेचा शिरा. प्रत्येकीला माहीत होतं, कितव्या आठवड्यात काय गिळतं. डॉक्टर ते सांगतात, पण करून कोण घालणार? दर चार-आठ दिवसांनी एखादी खाट रिकामी व्हायची. कधी माणूस बरा होऊन जायचा. कधी तसा नाही. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

बंगालच्या मुलाला मुलांच्या केंद्रात जागा मिळाली. एकदा रुग्णालयात दिसला. काकीला पाहून धावत आला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. त्याच्या आईनं वाटी फुंकल्यासारखं करून दाखवलं आणि हसली.

शेवटच्या दिवशी मी नोंदवहीत सही केली. 'जागा सोडली' या रकान्यात तारीख आणि वेळ लिहिली. सकाळचे साडेनऊ. व्यवस्थापकांनी अनामतीचे पैसे मोजून दिले आणि पावतीवर शिक्का मारला. काकीनं खाट झाडली. आमची चटई आणि पातेलं ती बरोबर घेईना. म्हणाली, "ठेव हितंच. येणाऱ्याला लागंल." दाराशी एक जोडपं उभं होतं. बाई आजारी, पुरुषाच्या काखेत वळकटी. तो भिंतीवरच्या पाटीकडं बघत होता, पण त्याचे डोळे एकाच ओळीवर थांबले होते. मी त्याच्याजवळ गेलो आणि पाटी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवली. दार बंद व्हायची वेळ दोनदा सांगितली.

आता काकी सहा महिन्यांनी तपासणीला जाते. आम्ही पहाटेच निघतो, काम उरकतो आणि मध्यरात्रीपर्यंत घरी येतो. मुक्काम पडत नाही. पण काकी पिशवीत एक चादर नेहमी घालते. चादरीच्या घडीत धर्मशाळेची ती जुनी पावती आहे. खाट नंबर २७.